क्रियापद शेवटी येतं

सातारच्या त्या मंगल कार्यालयात आदल्याच दिवशी कुणाचं तरी लग्न होऊन गेलं होतं. मसालेभाताचा वास पडद्यांत मुरला होता आणि सुव्रता चौगुलेच्या खुर्चीखाली सांडलेल्या अक्षता तळपायाला टोचत होत्या. तिनं त्या पायानंच बाजूला सारल्या आणि पुन्हा पटावर बोटं टेकवली.

अंधांचा बुद्धिबळाचा पट बोटांनी वाचायचा असतो. काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घराच्या मधोमध छिद्र, मोहऱ्यांना खाली खुंटी. काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टाचणीएवढं टोक. दोन्ही खेळाडूंचे पट वेगळे. आपण आपल्या पटावर मोहरा हलवायचा, खेळी मोठ्यानं सांगायची, समोरची ती ऐकून आपल्या पटावर लावते. घरांच्या अक्षरांत घोटाळा होऊ नये म्हणून जगभरचे अंध खेळाडू अक्षरांऐवजी नावं घेतात. ई म्हणजे एव्हा, जी म्हणजे गुस्ताव, एच म्हणजे हेक्टर.

समोर मोनाली वानखडे होती. अमरावतीची. दोघी पुण्याच्या अंधशाळेत एकाच खोलीत वाढल्या होत्या, एकमेकींच्या वेण्या घालत आणि एकमेकींना मात देत. आज तिशीला टेकल्यावर दोघी राज्य निवड स्पर्धेच्या शेवटून दुसऱ्या फेरीत, सारख्या गुणांवर, समोरासमोर बसल्या होत्या. जागतिक स्पर्धेला महाराष्ट्रातून एकच जाणार होती.

डाव हत्तींच्या अंतिम पर्वात शिरला होता. मोनालीकडे एक प्यादं जास्त होतं, पण सुव्रताचा पांढरा हत्ती तिच्या राजाला शह देत देत दोन घरांत येरझाऱ्या घालत होता. तीच स्थिती दोनदा येऊन गेली होती. आता हत्ती एव्हा सातवर ठेवला की तिसऱ्यांदा येणार होती.

बुद्धिबळाच्या नियमांत या तिसऱ्या वेळेला फार मान आहे. तीच स्थिती, तीच पाळी, तेच हक्क घेऊन तिसऱ्यांदा आली की खेळाडूला बरोबरी मागता येते. मागता येते, आपोआप होत नाही. कुणाला पुढं खेळायचं असेल, वेळ काढून विचार करायचा असेल, तर त्यानं गप्प राहावं. पाचव्यांदा आली तर मात्र पंच स्वतःहून डाव थांबवतो. तिसऱ्या वेळी निर्णय खेळाडूचा. आणि तो सांगायची रीतही ठरलेली: खेळी करायची नाही, ‘मी अमुक खेळी करणार आहे आणि त्यामुळे तीच स्थिती येते आहे, म्हणून बरोबरीचा दावा’ असं पंचाला सांगायचं. मोहरा हलला आणि घड्याळ फिरलं की दावा गेला, पाळी समोरच्याची.

सुव्रतानं हत्तीला हात लावला नाही. सरळ बसली आणि शांतपणे म्हणाली, “हत्ती एव्हा सात ही खेळी मी खेळणार आहे, स्थिती तिसऱ्यांदा येते आहे, माझा बरोबरीचा दावा आहे.”

पण ‘सात’ या शब्दापाशीच टेबलावरच्या डबीतून गोड, घाईचा आवाज आला. “हत्ती, एव्हा सात. काळ्याची वेळ सुरू.”

सुव्रतानं आपलं वाक्य शेवटपर्यंत नेलं. तिला वाटलं, यंत्र आता खेळी मागं घेईल. यंत्र गप्प. तिनं दाव्याची उठावदार कळ दाबली.

“तुमची पाळी नाही,” यंत्र म्हणालं. “अयोग्य दावा. प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं वाढवून दिली आहेत.”

“पंच!” सुव्रता ओरडली.

मुळीक सर धावत आले. गजानन मुळीक पूर्वी पंच होते. यंदापासून त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘समन्वयक’ असं लिहिलेलं होतं. ते कशाचे समन्वयक आहेत हे त्यांनाही नीट सांगता येत नसे.

“सर, माझा हत्ती अजून एव्हा आठवर आहे. हात लावून बघा. मी खेळी केलेलीच नाही.”

मुळीक सरांनी हात लावून बघितला. हत्ती जुन्याच छिद्रात होता. “आहे खरा,” ते हळूच म्हणाले. “पण सुव्रताताई, घड्याळ थांबवायची परवानगी माझ्याकडं नाही. ते यंत्राकडं आहे.”

मोनालीच्या बाजूनं खुंटी छिद्रातून निघाल्याचा बारीक टक् असा आवाज आला, आणि ती म्हणाली, “राजा गुस्ताव सहा.” शहातून निसटायची वाट तिला सापडली होती. स्थिती बदलली. दावा करायला काही उरलंच नाही. पुढच्या पाचसहा खेळ्यांत सुव्रतानं हत्ती घालवला आणि डावही.

*

त्या डबीचं नाव होतं ‘स्वरपंच’. तिच्या जन्माची गोष्ट चांगल्या हेतूनं सुरू होते, म्हणूनच तिच्यावर चिडणं लोकांना अवघड जात होतं.

अंध खेळाडूंच्या डावात माणसं फार लागत. खेळी ऐकणारा, घड्याळ दाबणारा, नोंद करणारा. पुण्यातल्या एका कंपनीनं हे सगळं एका डबीत भरलं. डबी बोलणं ऐकते, खेळी ओळखते, प्रत्येक स्थितीचा एक लांबलचक आकडा बनवून स्मरणात ठेवते. तोच आकडा पुन्हा आला की तिला लगेच कळतं. म्हणजे स्थिती तिसऱ्यांदा येते आहे हे सुव्रताइतकंच त्या डबीलाही ठाऊक होतं. फक्त दावा खेळाडूनं करायचा असतो, म्हणून ती नियमाला धरून गप्प बसली होती. नियमाचा तेवढा भाग तिला पक्का शिकवला होता.

घोळ ऐकण्यात होता. पहिल्या आवृत्तीत डबी पूर्ण वाक्य संपेपर्यंत थांबायची, मग खेळी लावायची. त्यात प्रत्येक खेळीला क्षण-दोन क्षण जात आणि ते अंध खेळाडूच्या वेळेतून कापले जात. तक्रारी झाल्या, रास्त होत्या. तेव्हा कंपनीनं दुसरी युक्ती काढली. मोहरा आणि घर एवढं ऐकू आलं, खेळी नियमात बसत असली, की वाक्य संपायची वाट न बघता ती लावून टाकायची आणि माइक समोरच्या खेळाडूकडं वळवायचा. ज्या भाषांत ‘माझा विचार आहे’, ‘मी करणार आहे’ हे आधी येतं त्या भाषांत ही युक्ती बिनचूक चालली. इरादा आधी कानावर पडतो, डबी सावध होते. मराठीत आधी वस्तू येते, मग जागा, आणि माणूस ती करतो, करणार आहे, करेल की मुळीच करणार नाही हे अगदी शेवटच्या शब्दात कळतं. डबी तोवर थांबतच नव्हती.

हे फक्त बुद्धिबळापुरतं नव्हतं. त्या वर्षांत घरोघरी असलीच घाईची यंत्रं आली होती. ‘दूध उद्या मागवायचं नाही’ म्हटलं की दूध यायचं. लोक दोनचारदा हसले आणि मग बोलणं बदललं. सुव्रताचा नवरा अभिनंदन, सांगलीच्या शाळेत भूगोल शिकवणारा, तोही हल्ली ‘नाही मागवायचं दूध उद्या’ असं बोलू लागला होता. यंत्राशी बोलता बोलता माणसांशीही. सुव्रताला ते खटकायचं. जेवताना तो ‘नको वाढू भात मला’ म्हणाला की तिला वाटायचं, हा आपल्याशी बोलत नाहीये, मागच्या भिंतीशी बोलतोय.

*

तक्रार समितीची बैठक संध्याकाळी वधूपक्षाच्या खोलीत झाली. अध्यक्ष जयवंतराव निकम, त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन गप्प सदस्य, आणि कंपनीतर्फे आलेला तनय सोमण नावाचा तरतरीत माणूस. मुळीक सर दाराशी उभे. अभिनंदन सुव्रताच्या शेजारी.

तनयनं ध्वनिमुद्रण लावलं. सुव्रताचा आवाज आला. “हत्ती एव्हा सात.” आणि खटकन शांतता.

“पुढचं?” सुव्रतानं विचारलं.

“पुढचं नाही, मॅडम. खेळी ओळखली की माइक प्रतिस्पर्ध्याकडे जातो. वेळ वाचवण्यासाठी.”

“म्हणजे माझं अर्धं वाक्य कापायचं आणि तेच अर्धं वाक्य पुरावा म्हणून माझ्यासमोर ठेवायचं?”

निकमांनी घसा साफ केला. “चौगुलेबाई, शांतपणे बोलू या. स्पर्धेच्या पुस्तिकेत स्पष्ट आहे, यंत्रानं ओळखलेली खेळी हीच केलेली खेळी.”

“अंधांच्या नियमांत वेगळं आहे, साहेब. मोहरा नव्या छिद्रात बसला पाहिजे आणि खेळी उच्चारली गेली पाहिजे. दोन्ही. माझा हत्ती जागचा हललाच नव्हता. मुळीक सरांनी हात लावून बघितलाय.”

“मी बघितलाय,” मुळीक सर दारातून म्हणाले.

“तुम्ही नंतर बघितला,” निकम म्हणाले. “मधल्या वेळात तो परत जुन्या जागी ठेवला नसेल कशावरून?”

सुव्रताच्या कानशिलातून वाफ निघाल्यासारखं झालं. तेरा वर्षांची असल्यापासून ती स्पर्धा खेळत होती. चोरी केलीस असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. अभिनंदननं तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो काढून टाकला.

“मोनालीला विचारा,” ती म्हणाली. “अंधाच्या कानाला खुंटीचा आवाज कळतो. मी हत्ती काढला असता तर तिला ऐकू आलं असतं. आणि मी ‘खेळणार आहे’ म्हटलं ते दोन हातांच्या अंतरावर बसून तिनं ऐकलंय.”

मोनालीला बोलावलं. तिची पांढरी काठी फरशीवर टकटक करत आली आणि थांबली.

“वानखडेबाई, यांनी ‘खेळणार आहे’ असं म्हटलं होतं का?”

“मला आठवत नाही,” मोनाली म्हणाली. “मी राजाचा विचार करत होते.”

सुव्रता तिच्या दिशेनं वळली. शाळेत असताना मोनाली जिन्यावरच्या पावलांवरून कोणत्या बाई येताहेत ते ओळखायची, त्यांच्या हातात छडी आहे की पुस्तक तेही सांगायची. तिला आठवत नव्हतं.

“ठीक आहे,” सुव्रता निकमांना म्हणाली. “माझं एक मागणं आहे. ती डबी टेबलावर ठेवा आणि नवा डाव सुरू करा. दोनच मिनिटं.”

तनय हसून म्हणाला, “हो, का नाही.” त्यानं डबी मांडली.

“प्यादं एव्हा चार,” सुव्रता म्हणाली. डबीनं खेळी लावली. मुळीक सर पुढं आले आणि काळ्याच्या बाजूनं म्हणाले, “प्यादं एव्हा पाच.”

सुव्रता खुर्चीत नीट बसली. दोन्ही हात मांडीवर. “वजीर हेक्टर पाच,” ती प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाली, “मी या जन्मात खेळणार नाही.”

“वजीर, हेक्टर पाच,” डबी म्हणाली. “काळ्याची वेळ सुरू.”

दोन गप्प सदस्यांपैकी एक फसकन हसला आणि लगेच खोकू लागला. मग तनयनं गुळमुळीतपणे सुचवलं, “मॅडम, वापरताना क्रियापद आधी घेतलं तर असं होत नाही. ‘खेळणार आहे मी हत्ती एव्हा सात’ असं. आम्ही चाचणी घेतलीय. दावा बरोबर ओळखतं.”

“म्हणजे चूक माझ्या मराठीची आहे.”

“चूक असं नाही...”

“मग कुणाची? मी माझ्या आईकडून जशी बोलायला शिकले तशी बोलले. नियमात जे सांगितलंय ते, नियमात सांगितलेल्या वेळी बोलले. मोहऱ्याला हात लावला नाही. तुमच्या डबीला धीर नाही, आणि गुण माझा गेला. वर दोन मिनिटांचा दंड मला. वर हे साहेब विचारतात, हत्ती मागं ठेवला नसेल कशावरून!”

निकमांचा आवाज आता कोरडा झाला. “यंत्रात सुधारणेला वाव आहे हे समिती नोंदवून घेते. पण डावाचा निकाल बदलता येणार नाही. यंत्र सगळ्यांना सारखंच होतं.”

“सगळ्यांना सारखंच मध्येच तोडत होतं,” सुव्रता म्हणाली. “म्हणून ते न्यायी?”

तक्रार फेटाळली गेली.

*

बाहेर आल्यावर अभिनंदन म्हणाला, “तू बरोबर आहेस. पण उद्या शेवटची फेरी आहे. उद्यापुरतं क्रियापद आधी बोल की. काय जातं?”

“तुझं काय गेलं ते तुला कळलंय का?” सुव्रता म्हणाली. “तू मला आजकाल वाक्य संपेपर्यंत ऐकतोस का? मी ‘दवाखान्यात’ म्हटलं की तू रिक्षा बोलावतोस. मला म्हणायचं असतं, दवाखान्यात जायची गरज नाही.”

अभिनंदन बिचारा हे ऐकायच्या तयारीत नव्हता, आणि बहुधा ते खरं होतं.

मुलींची राहायची सोय कार्यालयाच्याच वरच्या खोल्यांत होती. सुव्रता आणि मोनाली एका खोलीत. हे आठवडाभरापूर्वी दोघींनीच मागून घेतलं होतं. सुव्रता आत गेली तेव्हा मोनाली खाटेवर बसलेली होती. तिच्या श्वासावरून कळत होतं.

“ऐकलं होतंस ना?”

“ऐकलं होतं,” मोनाली म्हणाली. “सगळं. खुंटी हलली नाही तेपण.”

“मग?”

“मग काय? तुले नवरा आहे, फिजिओथेरपीचं दुकान... दवाखाना आहे. माझ्याकडं काय हाय, सुव्रता? भावाच्या घरात एक कोपरा. मी जागतिक स्पर्धा खेळले तर मले खेळाडूच्या कोट्यातून नोकरी लागते. ही एकच वाट होती. आणि वाट मी नाही पाडली, त्या डबीनं पाडली. मी फक्त तिच्यातून गेले.”

“तू माझ्याकडं मागितलं असतंस तरी...” सुव्रता बोलता बोलता थांबली. मागितलं असतं तर तिनं डाव सोडला असता का? नसता सोडला. ते खोटं तिच्या तोंडून निघेना. “डबी बहिरी आहे,” ती म्हणाली. “तू नाहीस. मला त्या माणसानं चोर म्हटलं आणि तू काठी धरून उभी राहिलीस.”

मोनाली रडायला लागली. सुव्रतानं तिला रडू दिलं. आपली पिशवी भरली आणि अभिनंदनच्या लॉजवर राहायला निघून गेली.

*

सकाळी शेवटच्या फेरीसाठी सगळ्या जणी आपापल्या टेबलांशी बसल्या. निकमांनी ध्वनिक्षेपकावरून शुभेच्छा दिल्या. त्या संपायच्या आत सुव्रता उभी राहिली.

“मला डबी नको. अंध खेळाडूला माणूस सहायक मागायचा अधिकार आहे. मी तो मागते आहे.”

“बाई, ती जुनी तरतूद आहे.”

“जुनी आहे, पण रद्द केलेली नाही,” मुळीक सर म्हणाले. त्यांच्या आवाजात सुव्रतानं कधी न ऐकलेला ताठपणा होता. “सहायक खेळी लावतो, दोघांच्या खेळ्या मोठ्यानं सांगतो, नोंद ठेवतो, घड्याळ दाबतो. नियम आजही छापलेला आहे. मागितला तर द्यावा लागतो.”

“आणि माणूस कुठून आणायचा?”

“मी बसतो.” गळ्यातून ओळखपत्राची दोरी निघाल्याची सळसळ सुव्रताला ऐकू आली.

मागच्या टेबलावरून नांदेडची एक मुलगी म्हणाली, “मलाही सहायक पाहिजे.” तिच्या शेजारची म्हणाली, “मलाही.” मग रत्नागिरीची, मग मालेगावची. आवाज एकेक करत उठत गेले. निकम ध्वनिक्षेपकावर शांत राहा, शांत राहा म्हणत होते. फेरी खोळंबली. खेळाडूंसोबत आलेले भाऊ, आया, नवरे पुढं आले; पण नातेवाईक आपल्या माणसाच्या टेबलावर चालणार नाहीत, म्हणून मुळीक सरांनी त्यांची अदलाबदल केली. अभिनंदन मालेगावच्या मुलीचा सहायक झाला. कार्यालयाच्या व्यवस्थापकाला बुद्धिबळ येत होतं हे तेव्हाच कळलं. तोही मुंडावळ्यांची खोकी बाजूला सारून एका टेबलाशी बसला.

तेव्हा मोनाली उभी राहिली. तिची काठी खाली पडली, तिनं ती उचलली नाही.

“मुळीक सर, काल मी समितीपुढं खोटं बोलले. तिनं ‘खेळणार आहे’ म्हटलं होतं. हत्ती जागचा हलला नव्हता. मी ऐकलं होतं. निकम साहेब, लिहून घ्या.”

आता निकमांना काहीतरी करावंच लागेल असं सगळ्यांना वाटलं. निकम म्हणाले, “तक्रारीची मुदत काल संपली. निकाल कायम आहे. आता खेळ सुरू करा.”

सुव्रता खुर्चीत बसली. आतापर्यंत तिचा राग मोनालीवर होता, डबीवर होता. त्या क्षणी तिला कळलं की डबी उद्या सुधारेल, मोनालीही सुधारली. पण खरं समोर येऊन उभं राहिलं तरी ‘मुदत संपली’ म्हणणाऱ्या माणसात सुधारायला काही कळच नाही. ती खेळली. मुळीक सर खेळी ऐकून, ती वाक्यासकट पुन्हा उच्चारून, मगच घड्याळ दाबत होते. ती जिंकली. मोनालीही जिंकली. आदल्या दिवशीच्या एका गुणाच्या आघाडीवर जागा मोनालीची झाली.

पायऱ्यांवर मोनालीनं तिला गाठलं. “तू म्हणशील तर मी नाही जात.”

“तू नाही गेलीस तर अर्ध्या गुणानं माझ्यापुढं असलेली तिसरी कुणी जाईल. माझा गुण मला मिळणार नाही,” सुव्रता म्हणाली. “जा. मी तुला चांगलं केलंस असं म्हणणार नाही. पण जा.”

मोनाली गेली. तिकडून तिचे फोन यायचे. पहिले काही सुव्रतानं घेतले नाहीत. मग एकदा घेतला, आणि दोघी एका हत्तीच्या डावावर बोलत राहिल्या. दुसऱ्या कशावरही नाही.

*

पावसाळा सरल्यावर संघटनेचं परिपत्रक आलं. त्यात यंत्र बदलल्याचा उल्लेख नव्हता. ‘मराठीभाषक अंध खेळाडूंनी बरोबरीचा दावा करताना क्रियापद वाक्याच्या आरंभी उच्चारावे’, एवढंच. निकमांची सही होती. अभिनंदननं ते वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीपर्यंत, एकही शब्द न गाळता. हल्ली तो तसं वाचायचा.

सुव्रतानं त्याच आठवड्यात उत्तर पाठवलं: पुढच्या प्रत्येक स्पर्धेत मी माणूस सहायक मागणार आहे. त्याखाली नांदेड, रत्नागिरी, मालेगाव आणि आणखी पुष्कळ ठिकाणच्या मुलींनी आपली नावं घातली. पुढच्या स्पर्धेसाठी संघटनेला महाविद्यालयांतून स्वयंसेवक गोळा करावे लागले.

त्यानंतर एके सकाळी, दवाखान्यात एका आजोबांचा खांदा मोकळा करत असताना तिचा फोन वाजला. तनय सोमण.

“मॅडम, एक आनंदाची बातमी! आम्ही मराठीसाठी नवी आवृत्ती करतोय. वाक्य शेवटपर्यंत ऐकणारी. त्यासाठी नमुन्याचे आवाज हवेत. तुमचं ते हेक्टर पाचचं वाक्य तर आमच्या ऑफिसात फेमस झालंय. तुम्ही पुण्याला येऊन थोडी वाक्यं बोलून द्याल का? मानधन देऊ.”

“माझ्या डावाचा निकाल बदलला का?”

“ते आमच्या हातात नाही हो. ते संघटनेचं.”

“तुमची डबी चुकली असं संघटनेला लिहून दिलंत का?”

“तसं लेखी... कायदेशीर अडचण असते, मॅडम. पण पुढच्या मुलींचा फायदा बघा ना.”

“पुढच्या मुलींनी माणसं मागून घेतलीत,” सुव्रता म्हणाली. आजोबांचा हात तिनं अलगद खाली ठेवला, टॉवेलला बोटं पुसली. “तुम्ही आधी ते लिहून द्या, सोमण. तोवर तुमच्या ऑफिसात येऊन ही वाक्यं मी...”

“वा! थँक्यू मॅडम, थँक्यू! मग गुरुवारी सकाळी गाडी पाठवतो. अकराला चालेल ना?”

सुव्रता थांबली. तिकडून कळफलकाची टकटक ऐकू येत होती. तो गुरुवारची नोंद करून घेत होता. ती टकटक पूर्ण थांबेपर्यंत ती थांबली.

“...बोलणार नाही,” ती म्हणाली.